जावयाच्या गाडीचा आऊट

सायलीला आठवा लागला तेव्हा मी कुवेतला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण ती तिथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स, रजा थोडी, डॉक्टर ओळखीचे, तेव्हा माहेरच उचलून तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे मी एकटी आणि दोन बॅगा. एकीत डिंकाचे लाडू, अळीव, बाजरीचं पीठ, बाळंतशेपा आणि माझ्या जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी. दुसरीत माझे कपडे. वाळवंटी देश आहे, पातळ कपडे घ्या, असं ज्याने त्याने बजावलं होतं. जानेवारी संपत आलेला. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. जावयाने स्वतःचं जाकीट काढून माझ्या खांद्यावर घातलं आणि एक शब्द न बोलता दोन्ही बॅगा उचलल्या.

एक शब्द न बोलता, हीच आमच्या नितीनरावांची ओळख. मूळचे सिन्नरचे. कुवेतमध्ये एका पेट्रोकेमिकल कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचं काम करतात. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. "बरंय ना आई?" "बरंय." "देतो हं सायलीला." माणूस वाईट नव्हता, पण माझ्या मुलीला यांच्यात काय दिसलं असेल, हे मला चार वर्षांत उमगलं नव्हतं.

माझ्याबद्दल सांगायचं तर फलटणला एसटी स्टँडच्या मागे आमचं दुचाकीच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. सायलीचे बाबा होते तेव्हा ते पुण्याला नाना पेठेतून माल आणायचे आणि काउंटरवर मी असायची. ते गेल्यापासून नाना पेठही मीच करते. सत्तावीस वर्षं झाली. मला गाडी चालवता येत नाही. पण गिऱ्हाइकाने मोडका तुकडा काउंटरवर ठेवला की तो कुठला, कशाने मोडला आणि त्याच्यासोबत आणखी काय गेलं असेल, हे सांगता येतं.

पहिल्याच सकाळी चहा पिताना सायली म्हणाली, "आई, इथे कुणाला दुकानाचं सांगत बसू नकोस हं. उगाच प्रश्न विचारतात."

मी "बरं" म्हटलं. शाळेत असताना मुली तिच्या डब्याला ऑइलचा वास येतो म्हणायच्या, हे मला ठाऊक होतं. काही गोष्टी लेकरांच्या मनात खोल जाऊन बसतात. त्या आपण उकरू नयेत.

रुमैथिया

आपली माणसं तिथे बहुतेक साल्मियात नाहीतर अब्बासियात मोठमोठ्या इमारतींत राहतात. सायलीचं घर मात्र रुमैथियात, तिथल्या लोकांच्या वस्तीत. वाळूच्या रंगाची दुमजली घरं, प्रत्येकापुढे तीन-तीन मोटारी, आणि कुंपणावरून रस्त्यावर वाकलेली बोरीची झाडं. तिकडे त्याला सिद्र म्हणतात, पण जात बोरीचीच. मी खालची चार बोरं पदराला पुसून खाल्ली. आपल्यापेक्षा पिठूळ, पण बोरंच. परदेशातली माझी निम्मी भीती तिथेच गेली.

कोपऱ्यावर रोटीची भट्टी होती. भल्या पहाटे माणसं खिडकीपुढे उभी राहायची आणि परातीएवढ्या गरम रोट्या नुसत्या हातावर घेऊन घरी जायची. पिशवी नाही, कागद नाही. फलटणला कुणी भाकरी अशी उघडी रस्त्याने नेली तर गावभर चर्चा होईल.

घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या, अंगभर पायघोळ काळा अबाया, हातात जपमाळ. त्यांच्या यजमानांच्या आजारपणात सायलीने त्यांची फार सेवा केली होती, म्हणून वरच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी आपणहून दिल्या. त्यांना सगळे उम फहद म्हणायचे, म्हणजे फहदची आई. मला त्यांनी पहिल्याच दिवशी उम सायली करून टाकलं. यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. फलटणमध्ये तरी मला नावाने कोण हाक मारतं? मी तिथेही सायलीची आईच. उम फहदचे वडील खजुराच्या व्यापारासाठी मुंबईला असायचे, त्यामुळे त्यांना जुनी मोडकी हिंदी यायची. "बंबई में मेरा बाबा का ऑफिस था," त्या सांगायच्या. "मैं इतना छोटा था." आणि जमिनीपासून हातभर उंची दाखवायच्या.

मी पोचले त्याच्या चौथ्या दिवशी सायलीचं ब्लडप्रेशर वाढलं. तपासणीला म्हणून गेली आणि डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं. बाळ होईपर्यंत आता इथेच, पडून राहायचं.

घरात राहिलो सासू आणि जावई.

याहून अवघड जोडी नसावी. नितीनराव पहाटे कंपनीच्या बसने जायचे, दुपारी परतायचे. मी वाढायची. ते मान खाली घालून जेवायचे. "आणखी घ्या." "पुरे आई." "भाजी खारट झाली का?" "नाही आई." मग ताट स्वतः घासून ठेवायचे, थोडं आडवं व्हायचे आणि चार वाजता सायलीचा डबा पाठीवरच्या बॅगेत घालून मोटारसायकलवरून हॉस्पिटलला निघायचे. मी सकाळी टॅक्सीने जाऊन यायची. दोन माणसं एका घरात एका मुलीची काळजी करत होती, आणि एकमेकांना ते सांगता येत नव्हतं.

गाडी आपल्याकडचीच, साधी, कारखान्यातल्या कुणी देश सोडताना त्यांना दिलेली. पहिल्या दिवशी ते फाटकातून बाहेर पडले तेव्हा मी खिडकीत उभी होते. ऐकलं आणि माझा हात गजावर घट्ट झाला.

खर्र... टक. खर्र... टक. खर्र... टक.

चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. साखळी एका जागी ताणली जात होती आणि दुसऱ्या जागी सैल पडत होती. असा आवाज मी दुकानाच्या पायरीवर हजारदा ऐकला आहे. मागची दातेरी चकती, जिला कंपनीवाले स्प्रॉकेट म्हणतात आणि आमची गिऱ्हाइकं चेन-पाकीट, ती सरळ फिरत नव्हती. डुलत होती. आमच्याकडे याला म्हणतात चाक आऊट असणं, आणि ते सरळ करणं म्हणजे आऊट काढणं. आऊट असलेल्या चकतीवरून साखळी कधीतरी उतरते. ती चाकात अडकली की चाक जागच्या जागी थांबतं. आणि हे गृहस्थ रोज तिथल्या सहापदरी रस्त्यावरून, ताशी शंभरने पळणाऱ्या मोटारींच्या मधून जात होते.

सांगावं तर जावई. शिवाय दुकानाचं काढायचं नाही असा लेकीला शब्द दिलेला. मी एक दिवस गप्प बसले, दुसऱ्या दिवशी गप्प बसले. चार वाजले की मी खिडकीत जायची आणि ते परत येईपर्यंत तिथून हलायची नाही.

पाचव्या दिवशी दुपारी ते झोपले होते तेव्हा मी खाली उतरले. गाडी बोरीखाली डबल स्टँडवर उभी होती. मी उकिडवी बसले, केसातली पिन काढली, चाक धरणाऱ्या दांड्यावर ती घट्ट टेकवली आणि तिचं टोक चकतीच्या अगदी जवळ नेलं. मग दुसऱ्या हाताने चाक हळू फिरवलं. एका जागी चकती पिनेला घासली, अर्ध्या फेऱ्यानंतर दोन काड्या मावतील एवढी लांब गेली. परत घासली. तेच मी चाकाच्या रिंगला करून पाहिलं. रिंग सरळ होती. म्हणजे चाकात दोष नाही. आणि साखळी, चकती तर दोन्ही नव्या, चकाकणाऱ्या.

"उम सायली! क्या करता है?"

उम फहद दारात उभ्या. माझी दहाही बोटं काळी झालेली.

"चेन देखती हूँ," मी म्हणाले.

"तुम मेकॅनिक?"

"नहीं. दुकान है मेरा. पार्ट का." बोलून गेले आणि जीभ चावली. "सायली को मत बोलना."

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या, मग हसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळाने त्यांच्या मोलकरणीने साबण, गरम पाणी आणि वाडगाभर हरीस आणून दिलं. हरीस म्हणजे गहू आणि मटण घोटून केलेली मऊ खीर. मटण मी खात नाही हे सांगायला मला शब्द सापडले नाहीत. मी वाडगा तसाच झाकून नितीनरावांसाठी ठेवला.

संध्याकाळी ते हॉस्पिटलमधून आले. जेवायला बसले. मी भाकरी वाढली आणि पटकन विचारून टाकलं, "नितीनराव, गाडीला नवं चेन-किट, साखळी-चकती, कधी टाकलं?"

त्यांचा घास हातातच राहिला.

"दोनदा टाकलं आई, बेअरिंगसकट," ते म्हणाले. "इथे राई म्हणून भाग आहे, तिथल्या एका गॅरेजमध्ये. महिनाभर बरी चालते, मग परत आवाज. गॅरेजवाला म्हणतो तुमची चालवायची पद्धत चुकते. मला वाटायला लागलं, असेलही. तुम्हाला कसं कळलं?"

"पाच दिवस ऐकतेय."

ते ताटाकडे बघतच म्हणाले, "सायलीला सांगितलं नाही मी. एकदा रस्त्यात एकाची साखळी उतरलेली पाहिली होती. रोज निघताना तेच डोळ्यांपुढे येतं."

"अहो, मग टॅक्सीने का जात नाही?"

"संध्याकाळी भेटायची वेळ एकच तास आहे ना. टॅक्सी सिग्नलला अडकली की त्यातली वीस मिनिटं जातात. ती घड्याळ बघत बसलेली असते." आणि मग, चार वर्षांत ऐकलेल्या सगळ्या वाक्यांपेक्षा लांब वाक्य त्यांनी म्हटलं. "मी तिच्याशी तिथेही फार बोलत नाही आई, मला सुचत नाही. पण मी बसलेलो असलो की तिचं प्रेशर दहाने खाली येतं, नर्सने मला मशीनवर दाखवलंय."

मी उठून तव्यावरची भाकरी उलटली. ती उलटायची वेळ झालेली नव्हती. डोळे पुसायला मला काहीतरी निमित्त हवं होतं.

"उद्या शुक्रवार, तुम्हाला सुट्टी," मी पाठमोरीच म्हणाले. "सकाळी गाडी उघडू."

शुक्रवार

तिथे शुक्रवारची सकाळ आपल्या दिवाळीतल्या दुपारसारखी शांत असते. आम्ही बोरीखाली जुनी चादर अंथरली. आधी मी त्यांना चकती वर आणि खाली अशी दोन हातांनी धरून आतबाहेर हलवायला सांगितली. कचक, कचक असा आवाज आला.

"वाकडी चकती असती तर फिरताना डुलली असती, पण अशी हातात खेळली नसती," मी म्हणाले. "ही ज्याच्यावर बसलीय तेच ढिलं आहे."

त्यांनी एक्सल काढला, चाक बाहेर घेतलं. उम फहदच्या दारातली संगमरवरी पायरी होती आरशासारखी. चकती सोडवून मी तिच्यावर पालथी ठेवली आणि चहूबाजूंनी बोटाने दाबून पाहिली. कुठेच डुगडुगली नाही. ती बिचारी सरळ होती. दोनदा विनाकारण बदलली गेली होती.

मग राहिलं कपलिंग. चाक आणि चकती यांच्यामध्ये एक जाड वाटीसारखा भाग असतो, त्यावर चकती बसते आणि त्याच्या पोटात बेअरिंग असतं. नितीनरावांनी त्यात बोट घालून फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"रवा भरल्यासारखं लागतंय."

"गेलंय ते. पण का गेलं? तुम्ही म्हणता बेअरिंगही नवीन टाकलं होतं."

दुकानात एक सवय लागली आहे. चाक उघडलं की सगळे तुकडे ज्या क्रमाने आत असतात त्या क्रमाने कागदावर मांडायचे. मी मांडायला लागले. बाहेरची कॉलर, कपलिंग, बेअरिंग, रबरं, चाक... आणि माझं बोट रिकाम्या जागेवर थांबलं.

"इथला बुश कुठाय?"

"कुठला बुश?"

बेअरिंगच्या आत एक लोखंडी नळीचा तुकडा असतो, अंगठ्याच्या पेराएवढा. तो झिजत नाही, मोडत नाही, म्हणून कुणी विकत घेत नाही. माझ्या दुकानात असे सात-आठ बुश वर्षानुवर्षं एका डब्यात पडून आहेत. त्याचं काम एकच: एक्सलचा नट कितीही आवळला तरी दाब स्वतः झेलायचा, बेअरिंगवर येऊ द्यायचा नाही. राईच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा, पंक्चर वगैरेसाठी, चाक उघडलं तेव्हा तो कुठेतरी घरंगळला असणार आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार. तेव्हापासून नट आवळला की बेअरिंग चिरडत होतं, महिनाभरात ढिलं होत होतं, कपलिंग कलत होतं, त्याच्यावरची चकती डुलत होती. आणि प्रत्येक वेळी दोष दिला जात होता तो चकतीला.

नितीनराव मांडी घालून बसले होते. "म्हणजे माझं चालवणं नाही," ते अगदी हळू म्हणाले.

"नाही हो. तुमचं काही नाही."

आता नवा बुश किती लांबीचा हवा, हा प्रश्न. मला पेराचं माप माहीत, पण यात केसाएवढी चूक चालत नाही. लांब झाला तर कपलिंग खेळणार, आखूड झाला तर परत तेच. नितीनराव वर गेले आणि एका मखमली डबीतून व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन आले. मग तासभर मी त्यांचे हात बघत बसले. एकेक अंतर ते तीनदा मोजत, लिहीत, पुसत, परत मोजत. घाई नाही, वैताग नाही. वहीच्या पानावर त्यांनी बुशचं इतकं सुबक चित्र काढलं की फ्रेम करून लावावं. माझ्या लेकीला यांच्यात काय दिसलं, ते मला त्या चादरीवर बसून समजलं.

त्या दिवशी ते टॅक्सीने हॉस्पिटलला गेले आणि वीस मिनिटं उशिरा पोचले.

शुवैख

शनिवारीही नितीनरावांना सुट्टी, तेव्हा आम्ही शुवैखला गेलो. बंदर एका अंगाला आणि दुसऱ्या अंगाला मैलभर नुसती गॅरेजं, टायरची दुकानं, रंगाचे भपकारे. पाट्या अरबीत, बोलणं हिंदी, मल्याळी, बंगाली, पश्तूत. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. नाना पेठेला समुद्र दिला असता तर ती अशीच दिसली असती.

बेअरिंग मिळालं. बुश कुणाकडे नव्हता, पूर्ण हब, चाकाचा मधला भागच, मागवा म्हणाले. शेवटी एकाने लेथवाल्या उस्ताद रफीककडे पाठवलं. पांढरी दाढी, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा, गाव पाकिस्तानातलं गुजरांवाला. नितीनरावांचं चित्र त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"ड्रॉइंग तो तुमने बनाई, बेटा. मगर नुक्स किसने पकड़ा? गॅरेजवाले ने?"

मी पदर सावरून भिंतीकडे बघायला लागले. लेकीला शब्द दिला होता.

"इन्होंने पकड़ा," नितीनराव म्हणाले. आवाज चांगला मोठा होता, शेजारच्या दुकानातल्यांनी माना वळवल्या. "ये मेरी आई हैं. सत्ताईस साल से स्पेअरपार्ट की दुकान चलाती हैं. अकेली. एक पिन से पकड़ लिया."

उस्तादांनी चष्मा काढला आणि छातीला हात लावला. "बाजी, इधर बैठिए," ते म्हणाले आणि स्वतःची खुर्ची पुसून दिली. बाजी म्हणजे त्यांच्याकडची ताई. मग चहा आला, दुधाचा, वेलदोड्याचा. लेथ सुरू झाली. लोखंडाच्या निळ्या कुरळ्या साली खाली पडायला लागल्या. मी त्या बघत होते, पण मला काही दिसत नव्हतं. माझी आई, असं त्या माणसाने सगळ्यांदेखत म्हटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नितीनरावांनी ऐकलं, "येस, येस सिस्टर," म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. पलीकडचं बोलणं संपलं होतं तरी.

"प्रेशर खूप वाढलंय," ते मराठीत मला म्हणाले. "आत्ताच ऑपरेशन करताहेत. बाळ काढावं लागणार."

उस्तादांना मराठी येत नव्हतं, पण चेहरा वाचता येत होता. "घर में सब खैर?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी अर्धवट बुश पकडीत तसाच ठेवून लेथ बंद केली, शटर ओढलं आणि किल्ली घेतली. "टॅक्सी ढूँढोगे तो देर होगी. चलो."

त्यांच्या छोट्या मालगाडीत, जिला तिथे हाफ लॉरी म्हणतात, आम्ही तिघं पुढे दाटीने बसलो. रस्ता भरलेला. उस्ताद ओठांत काही पुटपुटत होते. नितीनरावांच्या हातात व्हर्नियरची डबी राहिली होती आणि ते ती सारखी उघडत-मिटत होते. मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला.

"नितीन," मी म्हणाले. राव, अहो, सगळं त्या रस्त्यावर कुठेतरी पडलं. "नितीन, बाळा, माझ्याकडे बघ. ती माझी लेक आहे. चिवट आहे ती."

ते लहान मुलासारखं माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. मी रडले नाही. एकाच वेळी दोघांनी रडून चालत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सायलीला आत नेलं होतं. दीड तास बाकावर. मग एक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि हसल्या, तेव्हा मी बाकावरून उठले. मुलगी. आई ठीक. बाळ एक किलो नऊशे, वेळेआधी आलेलं, काही आठवडे काचेच्या पेटीत राहील.

खाली सांगायला गेले तर उस्ताद गाडीला टेकून उभेच होते. दुकान बंद ठेवून दोन तास.

"बेटी हुई," मी म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली. "अब बुश बिलकुल नंबर का बनेगा, बाजी," ते म्हणाले. "अब तो बच्ची के बाप की गाड़ी है."

त्यानंतरचे दिवस

बुश दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार झाला. सोमवारी दुपारी नितीनने आणि मी गाडी जोडली. नितीनने नट आवळला, मी चाक फिरवलं. पिन धरून पाहिली. चकतीला ती ना कुठे घासली, ना कुठे लांब राहिली. उम फहद पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना यातलं काही समजत नव्हतं, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सायली पाचव्या दिवशी घरी आली, बाळ तिकडेच राहिलं. मी तिला अळिवाची खीर देत होते तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"नितीनने सांगितलं सगळं. तू पाच दिवस खिडकीत बसून ऐकत होतीस?"

"हो."

"आणि मी तुला गप्प केलं होतं." तिचा चेहरा पिळवटला. "त्याला काही झालं असतं तर, आई?"

"मी दिलेला शब्द पाळत बसले, चूक माझीही आहे. एवढं मोठं असलं की शब्द मोडायचा असतो. आता खीर खा, गार होईल."

तिने खीर खाल्ली नाही. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली, लहानपणी दुकानाच्या मागच्या खोलीत पडायची तशी. दुसऱ्या दिवशी तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणी भेटायला आल्या. आंटी घरी काय करतात, असं एकीने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सायली म्हणाली, "तिचं स्वतःचं ऑटो स्पेअरपार्टचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं." त्यानंतर अर्धा तास मी एकीच्या नवऱ्याच्या स्कूटरच्या क्लचबद्दल बोलत होते.

बाळाला आईचं दूध हवं होतं. सायली घरी दूध काढून द्यायची, लहान बाटल्यांत, बर्फाच्या पिशवीत. नितीन ते मोटारसायकलवरून पोचवायचा, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. आता खिडकीत उभं राहिलं तर इंजिनचा आवाज तेवढा यायचा, कोपऱ्यापर्यंत. मग तोही बंद व्हायचा आणि मी स्वयंपाकाला लागायची.

परतायच्या चार दिवस आधी सायली म्हणाली, "आई, आज तू जा त्याच्याबरोबर. नर्सला विचारलंय मी. आज घेऊ देतील."

सलवार-कमीज घालून, हेल्मेट चढवून, दुधाची पिशवी पोटाशी धरून मी मागे बसले. नितीन इतका हळू चालवत होता की सायकलवाल्याने मागे टाकलं असतं. "जरा पळव की," मी ओरडले. "दूध नासेल!" त्याच्या पाठीला हसू आलेलं मला कळलं. आरामात निघालो. पायाखाली, जिथे चकतीचा धक्का पहिल्यांदा जाणवतो तिथे, काहीच जाणवत नव्हतं.

आत एकालाच सोडत. नितीनने आपली पाळी मला दिली आणि काचेबाहेर उभा राहिला. नर्सने कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि मग ते कापडात गुंडाळलेलं एवढंसं माणूस माझ्या हातांवर ठेवलं. डोळे मिटलेले. कपाळ बापासारखं, रुंद. मी तिला हळूच सांगितलं की मी तुझ्या आईची आई. तिने जांभई दिली. मी वर पाहिलं तर काचेपलीकडे नितीन खुणा करून विचारत होता, कशी आहे, कशी आहे, जणू त्याने तिला रोज पाहिलंच नव्हतं.

परत येताना तो घराच्या वळणावर वळला नाही. सरळ समुद्राकडे गेला. किनाऱ्यावर गाडी लावून त्याने दोन चहा आणले, आणि आम्ही दगडी कठड्यावर बसलो. पाणी शांत, हिरवं. लांबवर जहाजं. तो बोलायला लागला. सिन्नरचं घर, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं छोटं टेबल, सायली पहिल्यांदा कुठे भेटली, आपण नीट बाप होऊ की नाही याची भीती, मुलीचं नाव. बोलतच राहिला. चहा संपले, त्याने आणखी दोन आणले आणि परत बोलायला लागला. मी मध्ये "हं" म्हणत होते. चार वर्षं हेच काम तो करत होता, आता माझ्याकडे आलं.

घरी पोचलो तेव्हा सायली दारातच उभी होती. "कुठे होतात दोघं इतका वेळ?"

आमचं काहीच ठरलेलं नव्हतं. तरी दोघं एकदम म्हणालो, "पेट्रोल भरायला."